पडद्यावरची बाई नेमकी कधी बदलली?

२०२३ साली जूनच्या शेवटी 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, आणि नायिका म्हणाव्यात अशा सगळ्या जणी संसारात मुरलेल्या. दादर-ठाण्यापासून तालुक्याच्या थिएटरपर्यंत बायका गटागटाने, नऊवारी नेसून, भिशीच्या मैत्रिणींना घेऊन गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात 'अ‍ॅनिमल' आला. त्यातला नायक बायकोशी आणि प्रेयसीशी ज्या तऱ्हेने वागतो, त्यावरून घराघरांत वाद झाले. हाही सिनेमा जोरात चालला. शहर तेच, मल्टिप्लेक्स तीच, तिकीट काढणाऱ्यांत काही माणसंही तीच असणार.

मग सिनेमातली बाई बदलली की नाही? दर मोठ्या सिनेमानंतर हा प्रश्न निघतो आणि त्याची दोन ठरलेली उत्तरं येतात. एक म्हणतो, 'पूर्वी नायिका नुसती रडायची, आता बघा कशी ठणकावून बोलते.' दुसरी म्हणते, 'काही बदललं नाही, फक्त कपडे बदलले.' शंभराहून अधिक वर्षांचा हा प्रवास नीट पाहिला तर दोन्ही उत्तरं अपुरी पडतात. १९३७ सालची एक मराठी नायिका १९९१ सालच्या नायिकेपेक्षा कितीतरी अधिक बंडखोर होती. म्हणजे वाट सरळ पुढे गेलेली नाही. ती वळली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. ती का वळली हे कळायचं असेल तर नायिकेच्या स्वभावाइतकंच लक्ष सिनेमात पैसा कुठून येत होता, तिकीट कोण काढत होतं आणि निर्णय कोणाच्या हातात होते, याकडे द्यावं लागतं.

आधी तर बाईच नव्हती

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. त्यात तारामतीचं काम करणारे अण्णा साळुंके ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करायचे. फाळक्यांनी बाई मिळावी म्हणून खूप खटपट केली, पण सिनेमात काम म्हणजे अब्रू गेली अशी समजूत इतकी पक्की होती की वेश्यावस्तीतल्या स्त्रियाही तयार झाल्या नाहीत. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोघंही साळुंकेच होते.

पहिल्या सिनेमानंतर लगेच, १९१३ मध्येच, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. अभिनेते चंद्रकांत गोखले हे कमलाबाईंचे चिरंजीव आणि विक्रम गोखले त्यांचे नातू. एवढ्या मोठ्या नाट्यपरंपरेच्या मुळाशी लोकनिंदा सोसलेल्या दोन बायका आहेत, हे आपण फार कमी वेळा आठवतो.

मूकपटाच्या काळात बहुतेक नायिका अँग्लो-इंडियन किंवा ज्यू कुटुंबांतून आल्या. या समाजांत मुलीने बाहेर नोकरी करणं तितकं निषिद्ध नव्हतं. पडद्यावर 'सुलोचना' म्हणून गाजलेल्या रूबी मायर्स त्याआधी टेलिफोन ऑपरेटर होत्या. नाव मात्र हिंदू घ्यावं लागलं, कारण पडद्यावर दिसायची होती ती सती, पतिव्रता, राजकन्या. त्या काळी रंगभूमीवर आदर्श स्त्री कशी चालते, कशी लाजते, कशी नेसते हे पुरुष नट ठरवत होते, आणि घरोघरच्या बायका त्यांचं अनुकरण करत होत्या. बाईची प्रतिमा आणि प्रत्यक्ष बाई यांच्यात पहिल्या दिवसापासून हे अंतर होतं.

बोलपट आले, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट आला, आणि त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे. सेंट झेवियर्समध्ये शिकलेली, प्रतिष्ठित मराठी घरातली मुलगी. त्यांच्यामुळे शिकलेल्या घरांतल्या मुलींसाठी दार थोडं किलकिलं झालं.

१९३७ चं धाडस

इथे जरा थांबायला हवं, कारण या वळणाचा आपल्याला विसर पडला आहे.

प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' १९३७ चा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला. अनाथ नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावलं जातं. त्या काळात अशी लग्नं सर्रास होत. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा सारडा कायदा येऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि नवऱ्याने किती म्हातारं असावं याबद्दल कायदा काहीच म्हणत नव्हता.

नीरा काय करते? ती नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. एकाच घरात राहून, रोज, ठामपणे. अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. शांता आपट्यांनी ही नीरा अशी उभी केली आहे की आज पाहतानाही तिच्या डोळ्यांतली आग जाणवते. शांतारामांनी तिच्या दुःखाला पार्श्वसंगीताची फोडणी दिली नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे, दारांचे खरे आवाज, एवढ्यावर सिनेमा उभा आहे. वकिलाच्या विधवा मुलीची भूमिका केली शकुंतला परांजपे यांनी, ज्या प्रत्यक्ष आयुष्यात संततिनियमनाच्या प्रचारक होत्या. पडद्यावर समाजसुधारक स्त्री दिसत होती आणि ती करणारीही समाजसुधारकच होती.

त्याच सुमाराला परळच्या वाडिया मूव्हीटोनची नादिया 'हंटरवाली' (१९३५) म्हणून घोड्यावरून, धावत्या गाड्यांवरून गुंडांना लोळवत होती. आणि 'संत तुकाराम'मधली (१९३६) गौरीबाईंची जिजाई? देवाला शिव्या घालणारी, पोरांच्या पोटाची काळजी करणारी, नवऱ्यावर वैतागूनही त्याच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढणारी. संताच्या सिनेमात संसाराचा हिशोब मांडणारी ही बाई माझ्या मते आजवरच्या मराठी पडद्यावरची सगळ्यात खरी बाई आहे.

हे तेव्हा कसं जमलं? त्या काळी सिनेमे 'स्टुडिओ पद्धती'ने निघत. नटनट्या, लेखक, संगीतकार सगळे एका कंपनीचे पगारी नोकर. सिनेमा कंपनीच्या नावावर चालायचा, एका नटाच्या चेहऱ्यावर नाही. त्यामुळे कथा कोणाभोवती फिरवायची हे कंपनी ठरवू शकत होती. महाराष्ट्रात स्त्रीशिक्षण, विधवाविवाह, जरठकुमारी विवाह (म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न) यांवर आधीची काही दशकं खडाजंगी झालेली होती. लेखक आणि प्रेक्षक दोघांच्या डोक्यात ते वाद ताजे होते.

पण कंपनीतही बाईला सगळं मिळत होतं असं नाही. १९३९ मध्ये शांता आपटे यांनी कराराच्या वादातून प्रभातच्या फाटकासमोर उपोषण केलं. पडद्यावर नीराने जे केलं, तेच फाटकाबाहेर त्यांना स्वतःसाठी करावं लागलं.

मग गाडी मागे का गेली?

दुसऱ्या महायुद्धात काळा पैसा वाढला आणि तो सिनेमात आला. मोठे स्टुडिओ पगारावर माणसं ठेवण्याच्या शर्यतीत टिकले नाहीत. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत प्रभात आणि मालाडची बॉम्बे टॉकीज दोन्ही आटोपल्या. त्यांच्या जागी सुटे निर्माते आले. त्यांच्याकडे स्वतःचं भांडवल नसे. ते खाजगी सावकारांकडून चढ्या व्याजाने पैसे उचलत आणि वितरकांकडून आगाऊ रक्कम घेत. वितरक म्हणजे एखाद्या विभागात सिनेमा दाखवण्याचे हक्क विकत घेणारा व्यापारी. कथा अजून कागदावर यायची असताना तो पैसे देणार कशाच्या भरवशावर? ओळखीच्या नायकाच्या नावावर. सरकारने सिनेमाला उद्योगाचा दर्जा देण्याचं ठरवलं ते थेट १९९८ मध्ये, आणि बँकांची कर्जं त्यानंतर मिळू लागली. तोवरची सगळी दशकं जोखीम नायकाच्या खांद्यावर ठेवलेली होती. मग कथाही त्याच्याच बाजूने लिहिली जाणार.

या काळात थोर भूमिका झाल्याच नाहीत असं नाही. १९५७ च्या 'मदर इंडिया'त नर्गिसने नांगर ओढला आणि गावच्या लेकीच्या अब्रूसाठी पोटच्या मुलाला गोळी घातली. केवढी ताकदीची बाई! पण ती ताकद कशासाठी वापरली गेली तेही पाहावं: सोसण्यासाठी, अब्रू राखण्यासाठी, सगळ्यांसाठी त्याग करण्यासाठी. स्वतःसाठी तिला काही हवं होतं का, हा प्रश्न सिनेमा विचारतच नाही. स्वतंत्र झालेल्या देशाने आपलं दुःख आणि धीर आईच्या रूपात पाहिला. त्या आईला बाई म्हणून जगायला जागा उरली नाही.

दुसरीकडे बाईचे दोन तुकडे पडले. एक नायिका आणि दुसरी क्लबातली नर्तकी, जिला 'व्हॅम्प' म्हणत. इच्छा, दारू, सिगारेट, परकं नाव हे सगळं व्हॅम्पच्या वाट्याला; लाज, देवपूजा, अश्रू नायिकेच्या वाट्याला. हेलनचं नाचणं पाहायला लोक गर्दी करत, पण लेखक तिला शेवटी बहुतेक वेळा गोळी खायला लावत. सत्तरच्या दशकानंतर हळूहळू नायिकाच ते नाच करू लागली आणि व्हॅम्प नाहीशी झाली. अनेक जण याला मोकळेपणा म्हणतात. मला तो अर्धाच पटतो. नाच नायिकेकडे आला, पण व्हॅम्पकडे निदान स्वतःचे डावपेच असायचे, ते आले नाहीत.

१९८२ नंतर रंगीत टीव्ही आला, मग व्हिडिओ. मध्यमवर्गीय बायका घरी बसून पाहू लागल्या आणि थिएटरं बहुतांशी पुरुषांची झाली. या काळातल्या सिनेमांत मारामाऱ्या आणि बलात्काराचे प्रसंग का वाढले, याच्या कारणांत हे एक कारण नक्की आहे: समोरच्या खुर्च्यांत कोण बसलंय हे निर्मात्याला माहीत होतं.

आणि म्हणूनच १९९१ चा 'माहेरची साडी' मला साधा रडका सिनेमा म्हणून मोडीत काढावासा वाटत नाही. सासुरवास सोसणारी ती सून नीराच्या तुलनेत पन्नास वर्षं मागे गेलेली आहे, हे खरं. पण गावोगावच्या बायका ज्या झुंडीने थिएटरात परतल्या, त्या स्वतःच्या दुःखाला कोणीतरी मोठ्या पडद्यावर जागा दिली म्हणून परतल्या. त्यांच्यासाठी सिनेमा काढणारं दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

'पुरुषी नजर' म्हणजे काय?

परीक्षणांत हा शब्द हल्ली सारखा येतो. लॉरा मल्वी या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९७५ मध्ये एका निबंधात ही कल्पना मांडली. थोडक्यात अशी: मुख्य धारेतला सिनेमा प्रेक्षकाला पुरुषाच्या जागी बसवतो. पुरुष पाहतो, बाई पाहिली जाते.

लग्नाचे दोन अल्बम डोळ्यांसमोर आणा, एक मुलीकडच्या फोटोग्राफरचा आणि एक मुलाकडच्याचा. लग्न तेच, मांडव तोच, एकही फोटो खोटा नाही. पण एकात मुलीच्या मावश्या, तिची पाठवणी, आईचे डोळे. दुसऱ्यात वरात, मित्रांचा नाच, मानपान. पैसे कोणी दिले आणि कोण कुठे उभं होतं यावर लग्नाची गोष्ट ठरली. सिनेमाचा कॅमेराही कोणाच्या तरी बाजूने मांडवात उभा असतो.

आयटम साँगमध्ये हे सगळ्यात उघड दिसतं. बाईचं शरीर तुकड्यातुकड्यांनी दिसतं, कंबर, पाय, पाठ, चेहरा मधूनच. भोवती पुरुषांचा घोळका, आणि आपली नजर त्या घोळक्याच्या नजरेशी जोडलेली. पण प्रश्न कपड्यांपुरता नाही. अंगभर साडीतल्या, डोळे पुसणाऱ्या सुनेकडेही कॅमेरा असाच पाहू शकतो: तिला काय वाटतंय हे न विचारता, ती किती सोशिक दिसते एवढंच दाखवत.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर जब्बार पटेलांचा 'उंबरठा' (१९८२) पाहा. पटकथा विजय तेंडुलकरांची. स्मिता पाटीलची सुलभा घर, नवरा, लहान मुलगी मागे ठेवून दूरच्या स्त्रियांच्या सुधारगृहात अधीक्षक म्हणून जाते. तिथे काय चालतं ते आपल्याला तिच्याबरोबरच कळतं; तिच्या आधी नाही, तिच्या पाठीमागे नाही. ती घरी परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती पुन्हा निघते. प्रेक्षकाला ती बरोबर वाटेल की चूक, पण तिच्या जागी बसून विचार करावा लागतो. स्मिता पाटीलनेच १९७७ च्या 'भूमिका'त हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेली नटी उभी केली होती. सिनेमातल्या बाईचं खरं आयुष्य तिच्याच शब्दांतून निघून पुन्हा पडद्यावर आलं, असं आपल्याकडे फार क्वचित घडलं आहे.

बेक्डेल कसोटी: उपयोगी, पण पुरेशी नाही

अमेरिकन व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका चित्रपट्टीत एक पात्र सांगतं की ती कोणता सिनेमा पाहते: ज्यात किमान दोन बायका असतील, त्या एकमेकींशी बोलत असतील, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलत असतील. हीच पुढे कसोटी म्हणून प्रसिद्ध झाली.

अट इतकी किरकोळ आहे की कोणताही सिनेमा ती पार करेल असं वाटतं. आपल्या आवडीचे पाच-सहा सिनेमे घेऊन पाहा. किती नायिकांना मैत्रीणच नाही हे लक्षात येईल. आई आणि मुलगी बोलतात ते लग्नाबद्दल, सासू आणि सून बोलतात ते मुलाबद्दल.

तरी या कसोटीवर सगळा भार टाकू नये. दोघी दोन मिनिटं साड्यांबद्दल बोलल्या की वाईट सिनेमाही उत्तीर्ण होतो, आणि एकाच बाईवर केंद्रित असलेला उत्तम सिनेमा नापास होऊ शकतो. मी स्वतः दुसरा प्रश्न विचारते: या बाईने काही ठरवलं म्हणून गोष्टीला वळण मिळालं का? की तिच्यावर काही ओढवलं म्हणून नायकाच्या गोष्टीला वळण मिळालं? बहिणीवर अत्याचार आणि भावाचा सूड, बायकोचा खून आणि नवऱ्याचा पेटून उठणं, हा साचा याच प्रश्नावर उघडा पडतो.

'सेन्सॉर आहे की लक्ष ठेवायला'

आहे, आणि त्याचं मुख्यालय मुंबईतच आहे. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली चालतं. त्याच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्त्रियांची अप्रतिष्ठा करणारी दृश्यं नसावीत, लैंगिक हिंसा टाळावी, आणि कथेला अपरिहार्यच असेल तर ती कमीत कमी आणि तपशिलाशिवाय असावी, असं स्पष्ट म्हटलं आहे.

पण मंडळ दृश्य कापू शकतं, शब्द गाळू शकतं, कोणत्या वयाच्या प्रेक्षकांनी पाहावं ते ठरवू शकतं. दृष्टिकोन कापता येत नाही. मुलीने दहादा 'नाही' म्हटल्यावरही तिच्या मागे फिरणारा, तिची वाट अडवणारा नायक शेवटी तिचं प्रेम जिंकतो, या कथेत कापण्यासारखं एकही दृश्य नसेल. १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदाही इथे कामी येत नाही. त्याचा भर जाहिराती आणि छापील मजकुरावर आहे, आणि प्रमाणनाच्या कक्षेतले सिनेमे त्याच्या बंदीतून वगळलेले आहेत. आणि खरं सांगायचं तर, कथेचा दृष्टिकोन एखाद्या सरकारी मंडळाने ठरवावा असं मला वाटतही नाही. उद्या हीच कात्री 'कुंकू'वर चालली असती.

पडद्यामागच्या खोलीत कोण बसलं आहे

मुंबईच्या सिनेसृष्टीत २०१४ पर्यंत एक विचित्र नियम होता. बाईने केशरचना करावी. मेकअप करण्याचं ओळखपत्र मात्र फक्त पुरुषाला. प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनाही संघटना मेकअप आर्टिस्ट म्हणून सभासद करून घेत नव्हती, आणि सभासद नसेल तिला सेटवर काम मिळणं कठीण. चारू खुराणा यांनी दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'नंतर एकशे एक वर्षांनी, नायिकेचा चेहरा रंगवण्याचा हक्क बाईला न्यायालयात जाऊन मिळवावा लागला.

हा तपशील चित्रणाच्या चर्चेत कशाला, असं वाटेल. सेटवर शंभर माणसांत बायका दोन-चारच असतील, तर एखाद्या अवघड प्रसंगाच्या वेळी 'हे असं नको' म्हणण्याचं बळ नटीला कुठून येणार? केरळात सिनेमात काम करणाऱ्या बायकांची परिस्थिती तपासायला २०१७ मध्ये नेमलेल्या हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांसमोर आला. त्यात लैंगिक छळाबरोबरच सेटवर स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसण्याचीही नोंद आहे. अहवाल मल्याळम सिनेमाचा आहे. पण ज्या कामाच्या जागेचं वर्णन त्यात आहे, ती हंसा वाडकरांचं आत्मकथन वाचलेल्या माणसाला अनोळखी वाटणार नाही.

लेखन आणि दिग्दर्शनात बायका होत्याच, अगदी पूर्वीपासून. फातिमा बेगम यांनी १९२६ मध्ये 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. समाजशास्त्राच्या कामातून सिनेमाकडे आलेल्या सुमित्रा भावे यांनी सुनील सुकथनकरांबरोबर 'दोघी' (१९९५) केला, ज्यात कुटुंब जगवण्यासाठी मुंबईत देहविक्रय करावा लागलेल्या बहिणीला तिचंच गाव दूर लोटतं. 'बाईपण भारी देवा'चे दिग्दर्शक केदार शिंदे, पण कथा वैशाली नाईक यांची, आणि सहा बहिणींच्या आपसातल्या रुसव्याफुगव्यांचा तो नेमकेपणा पाहताना ते जाणवतं.

'मग पुरुषाने बायकांवर सिनेमा काढायचाच नाही का?'

'कुंकू', 'उंबरठा', 'सैराट' हे सगळे पुरुषांनी दिग्दर्शित केले आहेत. नागराज मंजुळेंची आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, आवडलेल्या मुलाकडे रोखून पाहते, आणि लाजतो तो मुलगा. पूर्वार्धात नजरेचा खेळच उलटा केला आहे. म्हणजे हे जन्माने ठरत नाही, लक्ष देण्याने ठरतं. पण दिग्दर्शकांत, लेखकांत, कॅमेरामागे जवळपास सगळे पुरुष असतील तर आपण प्रत्येक वेळी एखाद्या संवेदनशील पुरुषाची वाट पाहत बसणार. बाईने काढलेला सिनेमाही फसू शकतो, जुनेच साचे वापरू शकतो. तसा फसण्याचा आणि तरी पुढचा सिनेमा मिळण्याचा हक्क पुरुषांना कायम होता.

'लोकांनाच हे हवं असतं'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. फक्त 'लोक' म्हणजे कोण ते थिएटरच्या रचनेवर ठरतं. हजार खुर्च्यांचं एकपडदा थिएटर भरायचं तर सगळ्यांना चालेल असा, म्हणजे नायकाच्या नावावरचा सिनेमा लागतो. १९९७ पासून देशात मल्टिप्लेक्स आली. दोनशे खुर्च्यांच्या पडद्याला दोनशेच माणसं पुरतात. इंग्रजी येत नाही म्हणून घरच्यांकडून हिणवली जाणारी लाडूवाली 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) मध्ये किंवा एकटीच मधुचंद्राला गेलेली 'क्वीन' (२०१४) मधली मुलगी याच काळात शक्य झाली. मग मोबाइलवर ओटीटी आलं आणि पाहण्याची वेळच बाईच्या हातात आली, स्वयंपाक आटपल्यावर रात्री अकरा, किंवा लोकलमध्ये सकाळी आठ.

मल्टिप्लेक्सचं तिकीट महाग, हेही इथेच सांगायला हवं. छोट्या पडद्यामुळे शहरी, नोकरदार, मध्यमवर्गीय बाईची गोष्ट निघाली. धुणीभांडी करणारी, कंपनीत पॅकिंग करणारी, शेतात राबणारी बाई त्या पडद्यापासून दूरच राहिली, प्रेक्षक म्हणूनही आणि पात्र म्हणूनही. 'बाईपण'ने एक गोष्ट सिद्ध केली: चाळिशी, पन्नाशी, साठीच्या बायका हा मोठा प्रेक्षक आहे आणि तो आपल्या मैत्रिणींनाही घेऊन येतो. 'अ‍ॅनिमल'ने दुसरी गोष्ट दाखवली: जुना प्रेक्षक कुठेही गेलेला नाही. दोन्ही बाजारपेठा शेजारी शेजारी उभ्या आहेत. म्हणून '२०२३ ची नायिका' असं एकच चित्र काढता येत नाही.

'सिनेमाच तर आहे, एवढं काय!'

एखादा सिनेमा पाहून कोणी गुन्हेगार होत नाही, हे मान्य. पण पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाठलाग करण्याला प्रेम म्हटलेलं पाहिलं, मुलींनी सोसण्याला मोठेपणा म्हटलेलं पाहिलं, की काय नेहमीचं आणि काय वावगं याचा अंदाजच तसा तयार होतो. कॉलेजच्या कट्ट्यावर 'अगं, नाही म्हणतेय म्हणजे हो' हे वाक्य कुठून आलं? करमणूक आहे म्हणूनच त्याची ताकद जास्त. भाषण ऐकताना आपण सावध असतो, गाणं गुणगुणताना नसतो.

आता पुढचं वळण कशावर ठरेल

मे २०२४ मध्ये पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री हा तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला. तीस वर्षांनी एक भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत होता. मुंबईच्या इस्पितळातल्या दोन मल्याळी परिचारिका, आणि तिथेच स्वयंपाक करणारी पार्वती. छाया कदमची ही पार्वती रत्नागिरीकडची, विधवा, वर्षानुवर्षं गिरणगावात राहिलेली; बिल्डर घर रिकामं करायला सांगतो तेव्हा तिच्याकडे दाखवायला कागद नसतात. आपल्या शहरातल्या हजारो बायकांची ही अडचण आहे, आणि ती पडद्यावर अशी, दया न मागता, याआधी फारशी आली नव्हती. तिघींच्या मैत्रीवर हा सिनेमा उभा आहे, आणि पुरुष तिच्या कडेकडेने येतात-जातात.

पण पुरस्कार मिळालेला सिनेमा आणि बोरिवली-डोंबिवलीच्या बाईला पाहता येणारा सिनेमा यांत अजून खेळाच्या वेळेचा अडसर आहे. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइम, म्हणजे संध्याकाळचे खेळ, देण्याचं जाहीर केलं, आणि वाद झाल्यावर ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी मोकळी केली. म्हणजे मंगळवारी दुपारी साडेबाराचा खेळही नियमात बसतो. सहा वाजता ऑफिस सुटून, लोकल पकडून, घरी भाजी निवडणाऱ्या बाईला तो खेळ कधीच गाठता येत नाही. तिचं तिकीट आकड्यात दिसत नाही, आणि शुक्रवार ते रविवारच्या आकड्यांवर पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. 'बाईपण'च्या वेळी बायकांनी एकमेकींना फोन करून, पूर्ण गटाची आगाऊ तिकिटं काढून हे चक्र उलटं फिरवलं आणि खेळ वाढवून घेतले. पार्वतीसारख्या बाईची गोष्ट संध्याकाळी सातच्या खेळाला लागेल का, हे आता नायिकेपेक्षा थिएटरचं वेळापत्रक लावणाऱ्याच्या हातात जास्त आहे.